वादळ, दरड, कासव आणि आपली पोरं: कोकणातल्या बदलत्या हवामानाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शाळेत बोलायला गेलं, ग्रामसभेत बसलं, नाहीतर वॉट्सअपच्या ग्रुपवर नुसता पावसाचा विषय निघाला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं जास्त करून कोकणातली आहेत कारण तो भाग मला जवळचा, मराठवाडा-विदर्भ-पुणे जिथे लागले तिथे घेतलेत. क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

वादळं, जंगली जनावरं आणि पोरांचं शिक्षण-पोट हे तीन वेगळे विषय आहेत ना? तुम्ही एकात का घुसडताय?

सरकारी कागदावर वेगळे आहेत, आपत्ती व्यवस्थापन एका टेबलावर, वनखातं दुसऱ्या आणि शाळा तिसऱ्या. पण गावात ते एकाच वाडीत घडतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात येऊन आपटलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, फणसाड अभयारण्यात आणि म्हसळ्याच्या बाजूला गिधाडं ज्या उंच झाडांवर घरटी करायची त्यातली झाडं पडली, शेकरूची घरटी गेली, शाळांचे पत्रे उडाले. आणि हे सगळं लॉकडाऊनमध्ये, म्हणजे शाळा मोबाईलवर, आणि लाईट व रेंज कित्येक गावांत कितीतरी आठवडे नाही.

आता यातली खरी गोम बघा. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच. त्या वर्षी जो पोरगा सातवीत होता त्याच्या घरची वाडी परत उभी राहून पैसा देईपर्यंत तो बारावी होऊन गेला, आणि बारावीनंतर शिकायचं की मुंबईला कुणा काकाकडे जाऊन कामाला लागायचं हे त्या पडलेल्या झाडांनी ठरवलं. भरपाई मिळाली नाही असं नाही, पण ती आधी हेक्टरच्या हिशोबाने होती आणि आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत असतात, त्यामुळे हातात काय येणार? लोकांनी ओरड केल्यावर पुढे झाडाप्रमाणे द्यायचं ठरलं. वादळ एका दिवसाचं असतं, घरातल्या पोराचं नुकसान पुढची कित्येक वर्षं चालू राहतं, हेच मला या सगळ्या पानात सांगायचंय.

पण हे आधीपण व्हायचंच की! म्हातारी माणसं सांगतात मोठमोठे पूर.

व्हायचं, अगदी बरोबर. १९८९ च्या जुलैमध्ये अंबा नदीने जांभूळपाडा धुऊन नेलं, २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई इथे दरडी आल्या, त्याच वेळी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. तेव्हा "पूर्वी काहीच नव्हतं, आता सगळं हवामानामुळे" असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा.

बदललंय काय तर किती वेळा आणि किती जोरात. अरबी समुद्र हा पूर्वी बंगालच्या उपसागरापेक्षा शांत धरला जायचा, मोठी वादळं ओडिशा-आंध्रची, आपल्याकडे क्वचित. समुद्राचं पाणी तापत गेलं तसं ते बदललं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ अशी तुलना केली तर अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. निसर्ग झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मे २०२१ मध्ये तौक्ते, जे आपल्या किनाऱ्याला घासत घासत गुजरातला गेलं, आणि मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज (कामगारांच्या राहण्याची तरंगती बोट) बुडून सत्तरच्या वर माणसं गेली. त्यातली बरीचशी घर चालवायला बाहेर पडलेली तरुण पोरं होती.

वर्षाचा एकूण पाऊस तर तेवढाच पडतो मग बिघडलं कुठे?

पडण्याची पद्धत बिघडली. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि मग जेव्हा ओतते तेव्हा ओततेच. २०१७ साली आलेल्या एका अभ्यासात, हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल वगैरे मंडळींच्या, मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाल्याचं दिसलं, आणि त्याच काळात एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे मधले दिवस कोरडे. जूनमध्ये पेरलेला भात तरव्यातच (रोपांच्या वाफ्यातच) पिवळा पडतो, लावणी खोळंबते, आणि मग जुलैच्या शेवटी तीन दिवसात असा येतो की बांधच वाहून जातात. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासात जवळपास ६०० मिलिमीटर झाला, सोलापूरकडे पूर्ण वर्षाला साधारण एवढाच पडतो!

दरडी फक्त पावसामुळे कोसळतात का?

नाही, आणि इथे मला थोडं रागाने लिहावं लागतंय. पाऊस हा शेवटचा धक्का. त्याआधी डोंगराचा पाय कोणीतरी कापलेला असतो, रस्त्यासाठी, फार्महाऊससाठी, जांभ्याच्या खाणीसाठी, जेसीबी लावून डोंगर सपाट केलेला असतो, वर दरवर्षी वणवा लावून गवत-झुडूप जाळलेलं असतं, पाण्याच्या जुन्या वाटा बुजवलेल्या असतात. प्रत्येक ठिकाणी हेच असतं असंही नाही, काही उतार मुळातच नाजूक असतात, कातळावर मातीचा जाड थर आणि त्यात पाणी मुरत राहिलं की सगळा थर सुटतो. पण आधी उतार कमजोर करायचा आणि मग सगळं "ढगफुटी"वर ढकलायचं हा आपल्याकडचा नेहमीचा खेळ आहे. ढगफुटी हा शब्द तर आता वापरून वापरून गुळगुळीत झालाय, टीव्हीवर जरा जोराचा पाऊस आला की ढगफुटी.

पुणे जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४, दीडशेच्या आसपास माणसं. महाडजवळचं तळीये २२ जुलै २०२१, ऐंशीच्या वर. खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ची रात्र, २७ मृतदेह मिळाले आणि बाकीच्या ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. तिन्ही वेळा जुलै, तिन्ही वेळा डोंगराच्या कुशीतली वस्ती.

इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीत नव्हतीच म्हणे, मग त्या यादीचा काय उपयोग?

नव्हती, हे सरकारनेच तेव्हा सांगितलं. यादीचा उपयोग आहे पण यादीत नाव नाही म्हणजे गाव सेफ असं धरून बसू नका. त्या ठाकूर वाडीवर जायला रस्ता नव्हता, मदत करणारे सुद्धा चिखलातून डोंगर चढत गेले, मशीन वर नेता येईना. तिथली काही पोरं वाचली ती का, तर आश्रमशाळेत होती. शाळा घरापासून लांब होती म्हणून जीव वाचला आणि आई-बाप गेले. अशा मुलांचा ताबा, त्यांच्या नावावरचे पैसे, सुट्टीत ती जाणार कुठे, हे प्रश्न बातम्या संपल्यावर सुरू होतात.

यादीपेक्षा डोळे उघडे ठेवा. घराच्या वरच्या बाजूला जमिनीला नवीन भेग, झाडं किंवा लाईटचे खांब तिरके व्हायला लागणं, दारं-खिडक्या अचानक अडकणं, झऱ्याची जागा बदलणं किंवा विहिरीचं पाणी एकदम गढूळ होणं, ओढ्याचं पाणी भर पावसात अचानक कमी होणं (वर कुठेतरी अडलंय), डोंगरातून दगड गडगडल्याचा आवाज. यातलं काही दिसलं तर रात्र व्हायची वाट बघू नका, म्हातारी आणि पोरं आधी हलवा, खात्री मागाहून करता येते. जनावरं सोडून द्या, दावणीला बांधून ठेवू नका.

चिपळूणला पावसात रस्त्यावर मगर फिरते ते व्हिडिओ खरे आहेत का?

हो, खरे आहेत. वाशिष्ठी आणि शिव नदीत मगरी आहेतच, २०२४ च्या पावसात चिंचनाक्याकडे रस्त्यावरून आरामात चाललेली मगर सगळ्या महाराष्ट्राने बघितली. ती काही हल्ला करायला आलेली नसते, पाणी चढलं की नदी आणि रस्ता हा फरक तिला कळत नाही, आणि नदीच्या पात्रात आपण भराव टाकून घरं-दुकानं बांधली असतील तर खरं म्हणजे रस्ताच तिच्या वाटेत आलाय. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा, आख्खा बाजार पाण्याखाली, पहिला मजला बुडालेला. नदीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ काढायला लोकांना नंतर साखळी उपोषण करावं लागलं. नदीला वाट नसेल तर पाणी आणि मगर दोन्ही आपल्या दारात येणार, पोरांना पुराच्या पाण्यात खेळायला, व्हिडिओ काढायला सोडू नका एवढं तरी आपल्या हातात आहे.

पूर ओसरला की धोका संपतो ना?

मुलांच्या बाबतीत उलट तिथून सुरू होतो. साप बिळांतून बाहेर पडून कोरडी जागा शोधतात, म्हणजे माळा, लाकडाची रास, अंथरूण, शाळेची पडवी. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार लक्षात ठेवा, कोकणात फुरसं भरपूर. मण्यार तर इतकी वाईट की रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कळतही नाही, पहाटे पोर पोट दुखतंय म्हणून रडतं, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात काहीतरी बाधलं असेल, आणि तोपर्यंत वेळ गेलेली असते. पावसाळ्यात पोरांना खाटेवर आणि नीट खोवलेल्या मच्छरदाणीत झोपवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही, मांत्रिक तर नाहीच, तो भाग न हलवता थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात. कुठल्या दवाखान्यात आहे हे जूनच्या आधी विचारून ठेवा.

दुसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदरांच्या-जनावरांच्या लघवीचं पाणी चिखलात मिसळतं, पायाला जखम असली की शिरतं. पुरानंतर पोराला ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात असं झालं तर पॅरासिटामॉल देऊन घरी बसू नका. आणि पाणी उकळून.

यात कासवांचा काय संबंध?

खूप आहे आणि माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबेल. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रात्री आपल्या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत जातात, पुढचं काम वाळूची ऊब करते, साधारण पन्नास-पंचावन्न दिवस. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, विकायची, उरलेली कुत्री-कोल्ही उकरायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि मंडळींनी, मंडणगड तालुक्यातल्या वेळासपासून सुरुवात केली (हो, नाना फडणवीसांचं वेळास तेच), गावातल्याच पोरांना कासवमित्र केलं, अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. आज रत्नागिरी-रायगड-सिंधुदुर्गात कितीतरी किनाऱ्यांवर हे चालतं.

आता हवामान. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे अंडं घालताना ठरत नाही, वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याच्यावर गेलं की माद्याच माद्या, आणि अजून वर गेलं की अंडी आतल्या आतच शिजतात. कोकणात फेब्रुवारीतच उन्हाळा सुरू व्हायला लागला तर उशिरा घातलेल्या घरट्यांचं काय होणार ते सांगायला नको. त्यात किनाऱ्याची धूप. समुद्र वाळू खातो, गाव धुपीला घाबरून दगडी बंधारा मागतं, आणि बंधारा झाला की मादीला वर चढायला जागाच उरत नाही. गावाचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही, घराच्या पायरीला पाणी लागल्यावर कासवाचा विचार कोण करतो? पण सरसकट दगड टाकण्याआधी सुरूच्या पट्ट्यामागे वाळूच्या टेकड्या, मर्यादावेल, केवडा होता तो का गेला हे बघायला हवं.

सगळ्या माद्याच झाल्या तर चांगलंच की, अंडी जास्त!

हा प्रश्न प्रत्येक शाळेत एक तरी पोरगं विचारतंच. थोड्या काळासाठी तसं दिसेलही, पण नर नसतील तर ती अंडी फळणार कशी? ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात हिरव्या कासवांची तपासणी झाली, २०१८ चा अभ्यास, तर वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्या. आणि रिडले वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेते, त्यामुळे आजच्या गरम वाळूचा हिशोब आजचं शाळेतलं पोर मोठं होईल तेव्हा लागणार.

एक चांगली बातमी पण सांगतो. २०२१ ला ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या सुरुवातीला आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. म्हणजे दोन किनारे वाटतात तेवढे वेगळे नाहीत, एकीकडचं बिघडलं तर दुसरीकडे थोडा आधार उरतो. २०२२ मध्ये आपल्या पाच माद्यांना सॅटेलाईट टॅग लावले होते, वेळासची पहिली, तिचं नाव प्रथमा. पोरं मोबाईलवर तिचा नकाशा बघत बसायची, भूगोल असा शिकवला पाहिजे खरं.

कासवं वाचवून आमच्या पोरांना काय मिळणार?

थेट उत्तर म्हणजे पैसे, थोडे का होईना. वेळासला २००६ पासून कासव महोत्सव होतो, फेब्रुवारी ते एप्रिल लोक येतात, घराघरात राहतात, उकडीचे मोदक आणि सोलकढी खातात, ते पैसे बाईच्या हातात येतात. मुंबईला जायच्या ऐवजी गावात चार महिने काम मिळणारा तरुण ही कोकणात छोटी गोष्ट नाही. तोटेही आहेत, काही ठिकाणी पिल्लू दिसलंच पाहिजे म्हणून पर्यटक भांडतात, फ्लॅश मारतात, वाळूत गाड्या घालतात.

कांदळवनाचं (खारफुटीचं) एवढं काय कौतुक? डास होतात फक्त.

डास साठलेल्या पाण्याने आणि कचऱ्याने होतात. कांदळवन लाटेचा जोर मोडतं, आणि कोळंबी, चिंबोरी, बोय यांची पिल्लं त्याच्या मुळांत वाढतात, म्हणजे खाडीकाठच्या पोरांच्या ताटातला मासा तिथून येतो. तोडायला कायद्याने बंदी आहे तरी रात्रीतून डंपर येतात, हे सगळ्यांना माहितीय.

बिबट्या गावात येतो तो हवामान बदलामुळेच ना?

मुख्यत्वे नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर भागात धरणं-कालवे झाले, ऊस आला, उसात बिबट्याला लपायला जागा, पाणी आणि खायला कुत्री-डुकरं-शेळ्या. कितीतरी पिढ्या बिबट्यांच्या उसातच जन्मल्या, त्यांनी जंगल बघितलेलंही नाही. याला तापमानवाढ म्हणणं म्हणजे खऱ्या कारणाला सोडून देणं, आणि अशाने खरी हवामानाची गोष्ट सुद्धा लोकांना खोटी वाटायला लागते.

पण मुलांचा धोका खरा आहे. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास शिरूर तालुक्यात लहान मुलांवर जीवघेणे हल्ले झाले आणि लोकांनी हायवे अडवला, त्यांचा राग मला समजतो. पकडून लांब नेऊन सोडला की प्रश्न सुटतो असं वाटतं, पण वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी त्याच भागात केलेल्या अभ्यासात असं सोडलं तिथे हल्ले वाढल्याचं दिसलं. उपयोगाच्या गोष्टी फार साध्या आहेत, संडास घरात, अंगणात उजेड, गोठा बंदिस्त, कोंबड्यांचा कचरा उघड्यावर नाही, अंधार पडल्यावर लहान पोर एकटं नाही, आणि शेतीची लाईट दिवसा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण रात्रीची लाईट असली की बाप उसात पाणी धरायला आणि पोर त्याला डबा द्यायला.

मग वाघाचं काय? चंद्रपूरला उन्हाळ्यातच जास्त माणसं मरतात.

इथे उन्हाचा संबंध जरा जास्त दिसतो. एप्रिल-मे मध्ये मोहफुलं आणि तेंदूपत्ता (विडीची पानं) गोळा करायचा हंगाम. पारा ४५-४६ च्या वर, त्यामुळे बाया उजाडायच्या आधी जंगलात शिरतात म्हणजे ऊन चढायच्या आत घरी येता यावं, आणि वाघाच्या फिरण्याचीही तीच वेळ. खाली वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायका गेल्या. ताडोब्यात पाणवठ्यांवर सोलर पंप बसवलेत, जनावराला पाणी मिळतंय, पण त्या बाईला दुसरं उत्पन्न कुठलं? तेंदूच्या पैशावरच पोरांची जूनची वह्या-पुस्तकं येतात.

ऊन तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे, पोरांना काय होतंय एवढं?

पोरांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आणि तहान लागली तरी खेळाच्या नादात पाणी पीत नाहीत. त्यात पत्र्याचे वर्ग. युनिसेफच्या हिशोबाप्रमाणे २०२४ साली हवामानाच्या संकटांमुळे जगात २४ कोटींच्या वर मुलांची शाळा बुडाली, त्यात एकट्या भारतातली साडेपाच कोटींच्या जवळपास, मुख्य कारण एप्रिलची उष्णतेची लाट. २०२१ च्या त्यांच्या यादीत मुलांना असलेल्या हवामान-धोक्यात १६३ देशांमध्ये भारत २६ वा होता.

एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं त्याच दिवसांत, बीड जिल्ह्यात हँडपंपावर पाणी भरणारी बारा वर्षांची मुलगी उष्माघाताने गेली. पाणी भरणं हे घरात मुलींचंच काम मानलं जातं, त्यामुळे दुष्काळ पहिला मुलींना गाठतो.

अंग तापलेलं, बडबड, उलटी, चक्कर, घाम बंद असं दिसलं तर सावलीत घ्या, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ लावा.

दुष्काळ आणि बालविवाह हे जोडणं जरा ओढूनताणून नाही का?

मला आधी तसंच वाटायचं. पण बीडकडचं गणित समजून घ्या. पीक गेलं की मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतात, ऊसतोडीला जोडीने जायचं असतं, नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने घर बंद, वयात आलेली मुलगी कुणाकडे ठेवायची, आणि लग्न झालं की तीही कोयत्यात मोजली जाते. राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुली पाचात एक, बीड-परभणीत ते चाळीस टक्क्यांच्या वर, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे. सगळा दोष पावसाचा नाही, पण पाऊस हुकला की हे चाक जोरात फिरतं. हंगामी वसतिगृहं नीट चालली तर खूप फरक पडतो, पोरगी शाळेत राहते.

आणि आता मराठवाड्याला नुसता दुष्काळ नाही, सप्टेंबर २०२५ ला सीना, गोदावरी, मांजरा सगळ्या फुगल्या, जमिनीच खरडून गेल्या. सोयाबीनचं नुकसान एका हंगामाचं, माती गेली की पोराच्या पिढीचं.

मुलांना हे सगळं सांगायचं का? घाबरतील ना.

घाबरलेली असतातच. पुरातून गेलेलं पोर पुढच्या वर्षी पाऊस वाढला की झोपत नाही, दप्तर उंच फळीवर ठेवतं. त्याला "काही होत नाही" सांगण्यापेक्षा काम द्या, पाऊस मोजायचा, ग्रुपवर टाकायचा, आजीच्या गोळ्या पिशवीत आहेत का बघायचं. वेळासची पोरं कासवं मोजतात ती पोरं मी बघितलीत, त्यांना समुद्राची भीती कमी आणि माहिती जास्त.

कायद्यात मुलांचा काही हक्क आहे का यावर?

आहे, आणि तो आलाय एका पक्ष्यामुळे! माळढोक, जो आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जवळपास संपल्यातच जमा आहे, तो राजस्थान-गुजरातमध्ये विजेच्या तारांना धडकून मरत होता, त्यावर वन्यजीव संरक्षक एम. के. रणजितसिंह यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०२४ ला म्हटलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मोकळं असणं हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे. गंमत अशी की त्याच निकालात सोलर प्रकल्पांसाठी तारा जमिनीखाली घालायचा आधीचा सरसकट आदेश सैल केला गेला. म्हणजे हक्क मिळाला, पक्ष्याला मात्र वाट बघायला लावली. या हक्काखाली उद्या कुणी शाळेच्या पत्र्याची केस लावेल का, मला तरी बघायला आवडेल.

झाडं लावली की झालं ना? आमच्या शाळेत दरवर्षी लावतो.

त्याच खड्ड्यात दरवर्षी लावत असाल तर आधी ते थांबवा. कोकणचा सडा (कातळाचं पठार) उघडा दिसतो म्हणून तिथे खड्डे पाडून कुठलीतरी रोपं लावू नका, पावसात त्याच कातळावर फुलं, बेडूक, टिटवी सगळं असतं. त्यापेक्षा आहे ती देवराई राखा, वणवा लागू देऊ नका, डिसेंबरातच जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढा, उतारावरची जुनी झाडं विकू नका. ठेकेदार दाराशी येतो आणि पूर्ण रान एकरकमी मागतो तेव्हा घरात लग्न नाहीतर फी असते, हे मला माहिती आहे, म्हणून नुसता उपदेश करून उपयोग नाही हेही माहिती आहे.

कुठे फोन करायचा?

कुठल्याही संकटात ११२. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, राज्याचा १०७०. अॅम्ब्युलन्स १०८. मूल हरवलं, एकटं सापडलं, बालविवाह होतोय तर १०९८. बिबट्या, मगर, साप, जखमी प्राणी दिसला तर वनविभागाचा १९२६, आणि ते येईपर्यंत गर्दी करू नका. मोबाईलवर वीज कुठे पडू शकते ते दाखवणारं दामिनी अॅप आणि इशाऱ्यांसाठी सचेत टाकून ठेवा. रेंज जाते हे धरूनच चाला, म्हणून हे नंबर भिंतीवर खडूने लिहा, पॉवर बँक जूनच्या आधी चार्ज करा, आणि वाडीतल्या कुठल्या घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे याची यादी कागदावर एका तरी पोराकडे असू दे.